सातारा-सांगली परिसरातील जुन्या दप्तरांमधील अपरिचित शब्द : अर्थ, उगम आणि अर्थांतर

प्रस्तावना

महाविद्यालयीन नियतकालिकातील प्रत्येक मराठी शोधनिबंधाच्या आरंभी 'गोषवारा' असतो. हा शब्द लिहिणाऱ्या किती अध्यापकांना त्याचा मूळ अर्थ ठाऊक असेल, हे सांगणे कठीण आहे. फारसीत 'गोश' म्हणजे कान आणि 'गोशवारा' म्हणजे कानातील डूल. दागिन्याचे हे नाव हिशेबनिसांच्या हाती पडले आणि लांबलचक जमाखर्चाच्या शेवटी किंवा कडेला लिहिल्या जाणाऱ्या संक्षिप्त आकडेवारीला ते चिकटले. पानाच्या कडेला लटकलेला मजकूर कानातल्या डुलासारखा दिसतो, एवढ्या साम्यावरून हे नामकरण झाले असावे असा तर्क करता येतो. हिशेबातून तो शब्द सरकारी अहवालात आला आणि अहवालातून विद्यापीठीय लेखनात. डूल विस्मरणात गेले, सारांश तेवढा उरला.

अशा शब्दांचा फार मोठा साठा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या कागदपत्रांत आहे. त्याला कारणही तसेच आहे. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि पुढे १८४८ पर्यंत छत्रपतींची गादी तेथे होती. औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, मिरज आणि सांगलीचे पटवर्धन अशी संस्थाने याच टापूत नांदली. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणीसांचा वाडा आणि त्यांचे दप्तर होते. मिरजेच्या शाळेत अध्यापन करणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. कागद जपले गेले, पुष्कळसे छापलेही गेले. त्यांतील शब्द मात्र वाचकाच्या हातून निसटत चालले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांतील काही निवडक शब्दांचे अर्थ व उगम यांचा विचार केला आहे.

दप्तर, रुमाल आणि कीर्द

ज्या वस्तूंमध्ये हे शब्द साठवले आहेत त्या वस्तूंच्या नावांपासूनच आरंभ करणे सोयीचे ठरेल. शाळकरी मुलाच्या पाठीवरचे 'दप्तर' हा मराठी शब्द फारसी 'दफ्तर'वरून आला, हे सर्वपरिचित आहे. परंतु फारसीही त्याचे मूळ घर नव्हे. ग्रीक भाषेत 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. आयोनियातील ग्रीक लोक ग्रंथांना कातडीच म्हणत असत, कारण पूर्वी ते कातड्यावर लिहीत, अशी नोंद हिरोडोटसने केली आहे. हाच शब्द पश्चिम आशियातून फिरत लेखनाची वही, नोंदींचा संग्रह व कचेरी अशा अर्थांनी फारसीत स्थिरावला आणि तेथून दख्खनेत आला. गंमत अशी की घशात कातड्यासारखा पडदा निर्माण करणाऱ्या घटसर्प या रोगाचे 'डिप्थीरिया' हे पाश्चात्त्य नावही त्याच ग्रीक शब्दापासून घडलेले आहे. साताऱ्यातील मुलाचे दप्तर आणि त्याला लहानपणी दिलेली घटसर्पाची लस यांचे असे दूरचे नाते आहे.

दप्तरातील कागद ज्या कापडात बांधले जात त्याला 'रुमाल' म्हणत. 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. तोंड पुसण्याचे वस्त्र कागद बांधण्याच्या कामी आले आणि पुढे त्या कापडात मावणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यालाच रुमाल हे नाव पडले. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराची मोजदाद आजही रुमालांत केली जाते.

वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना 'कीर्द' आणि 'खतावणी' हे शब्द परके नाहीत. कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही. करणे या अर्थाच्या फारसी धातूच्या रूपाशी तिचा संबंध आहे. जे घडले, जे केले त्याची नोंद ती कीर्द. 'वसूल' म्हणजे अरबीत पोचणे, येऊन मिळणे. 'बाकी' म्हणजे उरलेले. 'तपशील' म्हणजे फोड करून सांगणे. हे शब्द इतके रुळले आहेत की त्यांच्या परकेपणाची जाणीवही उरलेली नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने दहा वर्गांत रचला गेलेला 'राज्यव्यवहारकोश' यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी होता. राजपत्रांच्या भाषेवर त्याचा परिणाम झाला. हिशेबाच्या वहीपर्यंत तो फारसा पोचला नाही. आकड्यांशी रोजचा संबंध असणारा माणूस शब्द सहसा बदलत नाही.

'नीस' आणि त्यांची कामे

या परिसरातील अनेक आडनावे ही वस्तुतः बंद पडलेल्या पदांची नावे आहेत. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठीत त्याचा 'नीस' झाला. वाकनीस म्हणजे 'वाका', अर्थात घडलेली घटना, लिहून ठेवणारा. चिटणीस या शब्दात चिठ्ठी देशी आणि नवीस फारसी, असा संकर आहे. फडणीस या शब्दाविषयी दोन मते आढळतात. 'फर्द' म्हणजे सुटा कागद अथवा यादी, ती लिहिणारा फर्दनवीस, हे एक मत. 'फड' म्हणजे कचेरी, तेथील लेखक, हे दुसरे. ज्याच्या हाताखाली हिशेबाच्या फर्दा येत त्या अधिकाऱ्याच्या कामाशी पहिले मत अधिक जुळते. तथापि मराठी बोलणाऱ्याच्या कानाला 'फड' जवळचा वाटल्याने उच्चार तिकडे झुकला असणे शक्य आहे, म्हणजे दोन्ही मतांत काही तथ्य असू शकते.

'मुतालिक' हा शब्द कराड आणि औंध परिसरात विशेष आढळतो. अरबीत त्याचा अर्थ जोडलेला, संबंधित. मुख्य अधिकाऱ्याच्या वतीने काम पाहणारा तो मुतालिक. प्रतिनिधी हा राजाचा प्रतिनिधी आणि मुतालिक हा त्या प्रतिनिधीचा प्रतिनिधी, अशी ही उतरंड होती.

लष्करी शब्दांपैकी 'बारगीर' आणि 'शिलेदार' ही जोडी लक्षणीय आहे. 'बार' म्हणजे ओझे, 'गीर' म्हणजे घेणारा. बारगीर हा मुळात ओझ्याचा घोडा. घोड्याचे नाव घोडेस्वारावर गेले, आणि तेही सरसकट प्रत्येक स्वारावर नव्हे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यार आणणारा तो शिलेदार. शिलेदारातील 'शिले' म्हणजे अरबी 'सिलाह', शस्त्र. दोघांच्या पगारात, मानात आणि वागण्यात फरक असे. घोडा मेला तर शिलेदाराचे भांडवल जाई, बारगिराचे जात नसे. हे शब्द इंग्रजांनीही उचलले. हिंदुस्थानी फौजेतील घोडदळाची 'सिल्लादार' पद्धत पहिल्या महायुद्धानंतर बंद झाली. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात बारगीर, चौथ, पाटील, कुलकर्णी, मिरास हे शब्द इंग्रजी कचेरीच्या भाषेतील शब्द म्हणून नोंदलेले आहेत. इंग्रजीच्या अभ्यासकाला जे शब्द आज जुने व दुर्बोध इंग्रजी म्हणून भेटतात त्यांपैकी काहींचे जन्मगाव कृष्णाकाठी आहे, ही गोष्ट इंग्रजी विभागातील अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

शंभर रुपयांची वाटणी

१७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. पाठ्यपुस्तकांत हे वाक्य येते आणि तेथेच थांबते. चौथाईचे पुढे काय होई हे सांगणारे शब्द मात्र दप्तरांतच राहिले. एखाद्या टापूचा आकार चारशे रुपये धरला तर चौथाई शंभर रुपये. या शंभरांपैकी पंचवीस राजाचे, ती 'राजबाबती'. 'बाब' म्हणजे कलम, हिशेबातील सदर. राजाच्या नावचे सदर ती राजबाबती. सहा रुपये पंत सचिवांचे; तो 'साहोत्रा'. तीन रुपये राजा आपल्या मर्जीने कोणास देई, तो 'नाडगौडा'. उरलेले सहासष्ट रुपये सरदारांकडे फौजेच्या खर्चासाठी जात; तो 'ऐन मोकासा'.

या चार शब्दांत तीन भाषांचे पाणी आहे. साहोत्रा हा सरळ देशी शब्द आहे, सहा आणि उत्तर यांपासून झालेला, शेकडा सहा या अर्थाचा. शेकडा पाचला 'पाचोत्रा' म्हणत, तसाच. नाडगौडा कानडीतून आला आहे. 'नाडु' म्हणजे प्रांत आणि 'गौड' म्हणजे प्रमुख. कानडी मुलखातील प्रांतप्रमुखाच्या हक्काचे नाव साताऱ्याच्या राजाने वाटून दिलेल्या तीन टक्क्यांना मिळाले आणि आज ते सांगली व त्यापलीकडील भागात आडनाव म्हणून नांदत आहे. 'ऐन' अरबी आहे. त्याचा अर्थ खुद्द, नेमका, मुख्य. 'ऐन वेळी', 'ऐन दुपारी' या प्रयोगांत तोच अर्थ टिकून आहे. साताऱ्यास १८१८ ते १८२२ या काळात इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफला ही वाटणी समजून घ्यावी लागली आणि १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात त्याने ती नोंदवली. विद्यार्थ्यास 'विकेंद्रित सत्ता' ही संज्ञा समजावताना या शंभर रुपयांचा हिशेब फळ्यावर मांडला तर दहा व्याख्यानांचे काम होईल.

वर्षाचे शब्द आणि तीस वर्षांची चूक

मराठी पत्रांच्या मथळ्यावर अरबी अंकशब्दांत वर्ष लिहिलेले असते. हा शुहूर सन. 'शहर' म्हणजे अरबीत महिना आणि 'शुहूर' हे त्याचे अनेकवचन. हा सन सौर असून सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा त्याचा आरंभ होतो, म्हणून त्यास 'मृगसाल' असेही म्हणत. पेरणीबरोबर सुरू होणारे हे वर्ष महसुलाला सोयीचे होते. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले असता इसवी सन मिळतो.

लेखनाची रीत उलटी आहे. आधी एकम, मग दशक, मग शतक, शेवटी सहस्र. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० चा पावसाळ्याचा आरंभ येतो आणि हे वर्ष १७६१ च्या उन्हाळ्यापर्यंत चालते. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला तो याच सालात. आता 'सितैन' म्हणजे साठ आणि 'तिसैन' म्हणजे नव्वद, हे दोन शब्द घाईने लिहिलेल्या मोडीत किती सहज एकमेकांसारखे दिसतात हे ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांस सांगावयास नको. एका अक्षराच्या अदलाबदलीने पानिपतच्या वर्षातील पत्र ११९१ चे, म्हणजे १७९० सालचे ठरते. 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' म्हणजे सत्तर, येथेही तोच धोका. पत्रलेखक मृत्यू पावल्यानंतरचे पत्र त्याच्या नावावर जमा होणे असे प्रमाद यांतूनच संभवतात.

इनाम की सरंजाम

वर्ष चुकले तर इतिहासाचे नुकसान होते. हक्काचा शब्द चुकला तर घराचे होते. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले आणि डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनला करमुक्त जमिनींची चौकशी करण्याचे अधिकार मिळाले. ज्याच्याकडे जमीन होती त्याने ती कोणत्या अधिकाराने धारण केली आहे हे कागदाने सिद्ध करावयाचे होते. येथे प्रत्येक शब्द तोलला गेला.

'सरंजाम' हा फारसी शब्द. 'सर' म्हणजे डोके किंवा आरंभ, 'अंजाम' म्हणजे शेवट. आरंभापासून शेवटापर्यंतची सिद्धता, सामग्री, तजवीज असा त्याचा भाव. 'लग्नाचा सरंजाम' या प्रयोगात तो अद्याप जिवंत आहे. राजव्यवहारात फौजेच्या तजविजीसाठी दिलेला मुलूख तो सरंजाम. मिरजेच्या पटवर्धनांचा मोठा मुलूख याच स्वरूपाचा होता. चाकरी आहे तोवर सरंजाम, हे त्याचे तत्त्व. व्यवहारात मात्र बापामागून मुलाकडे तो चालत असे. 'इनाम' म्हणजे कृपेने दिलेले दान, आणि सनदेत 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असे शब्द असले तर ते कायमचे. कागदात इनाम आहे की सरंजाम, 'वंशपरंपरा' आहे की केवळ 'चालवीत जाणे', यावर त्या घराचे भवितव्य अवलंबून राहिले. ज्यांच्याजवळ सनदच उरली नव्हती, वाळवीने वा आगीने ती गेली होती, त्यांच्यासाठी तर शब्दही नव्हते.

लहान शेतकऱ्याच्या बाबतीत हीच भूमिका 'मिरास' या शब्दाची होती. अरबीत मिरास म्हणजे वारसा. मिरासदार जोवर सारा भरतो तोवर त्यास उठवता येत नसे, आणि दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार परत येऊन आपली जमीन मागू शकत असे. त्यालाच देशी शब्द 'थळकरी', थळ म्हणजे स्थळ, जमिनीचा तुकडा. याच्या उलट 'उपरी', बाहेरून येऊन कसणारा. आज 'उपरा' म्हणजे परका; त्या शब्दामागे एकेकाळी जमिनीवर हक्क नसलेला एक संपूर्ण वर्ग होता. ज्या कुळाचा वंश खुंटला वा जे गाव सोडून गेले त्याच्या जमिनीस 'गतकुळ' म्हणत. गावातील शेतांची यादी असलेल्या 'थळझाड्या'त या शब्दाची संख्या मोजली तर दुष्काळाचा आणि स्वाऱ्यांचा जमाखर्च समोर येतो.

वतन : एका शब्दाच्या दोन बाजू

'वतन' म्हणजे अरबीत जन्मभूमी. हिंदी-उर्दू गीतांत तो देशभक्तीचा शब्द आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थ वंशपरंपरागत काम आणि त्याबद्दलची जमीन अथवा हक्क असा झाला. देशमुख, पाटील, कुलकर्णी यांस वतन हा मान होता. पाटील हा शब्द ताम्रपटांतील 'पट्टकिल'वरून आणि कुलकर्णी हा 'कुळ' व 'करणी' यांवरून आला. दोन्ही शब्द प्रतिष्ठेसह टिकले. गावाच्या वेशीवर राहणारा 'वेसकर' उच्चारात 'येसकर' झाला. 'तराळ' या शब्दाचा संबंध रखवालदार या अर्थाच्या कानडी 'तळवार'शी जोडला जातो. यांचेही वतन होते. त्या जमिनीस 'हाडकी हाडोळा' म्हणत. पण तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावकी करावी लागे आणि वतन हेच बंधन ठरे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणाने. पुढे कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. वतन गेले, शब्दकोशातील अर्थ मात्र एकच आणि निरुपद्रवी दिसतो. अध्यापनात तो कोणाच्या बाजूने सांगितला जातो, हा प्रश्न उरतोच.

गावांची नावे आणि लोकव्युत्पत्ती

मिरज तालुक्यात 'कसबे डिग्रज' आणि 'मौजे डिग्रज' अशी दोन गावे आहेत. 'कसबा' म्हणजे बाजारपेठ असलेले मोठे गाव आणि 'मौजा' म्हणजे अरबीत जागा, ठिकाण, पर्यायाने साधे शेतीचे गाव. मौजेचा मजेशी संबंध नाही, हे सांगण्याची वेळ वर्गात अधूनमधून येते. महसुली भाषेतील दर्जा येथे गावाच्या नावाचाच भाग होऊन बसला आहे.

कराडचे जुने नाव 'करहाटक'. त्यापासून करहाड, कऱ्हाड व कराड हा प्रवास ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी समजावता येतो आणि मधली रूपे कागदांत सापडतात. मिरजेचे 'मिरिंज' हे रूप शिलाहारांच्या लेखांत आहे. याउलट सहा गल्ल्या म्हणून सांगली, सतरा बुरूज वा दरवाजे म्हणून सातारा, अशा व्युत्पत्ती ऐकावयास मिळतात. त्या सांगण्यास गोड आहेत. परंतु 'सहा'तील हकार जाऊन तेथे अनुस्वार कोठून आला, याचे उत्तर त्यांत नाही, आणि जुन्या रूपांचा आधारही त्या देत नाहीत. लोकव्युत्पत्ती खोटी म्हणून टाकून देऊ नये. लोकांनी नावाकडे कसे पाहिले याचा तो पुरावा आहे. नावाच्या उगमाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग करू नये, इतकेच.

एका नोंदीचे वाचन

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामामुळे मोडीतील जुन्या महसुली व शालेय नोंदी पुन्हा उघडल्या गेल्या. शोध एका शब्दाचा होता : 'कुणबी'. संस्कृत 'कुटुंबिन्' या शब्दापासून तो आला आहे आणि जुन्या ताम्रपटांत कुटुंबिन् म्हणजे गावात घरदार करून शेती करणारा गृहस्थ. त्याच्याच जवळचा 'कुळवाडी' हा शब्द. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या महात्मा फुले यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटले. जुन्या कागदात 'कुणबी' हा शब्द कोठे व्यवसाय सांगतो, कोठे जात सांगतो, कोठे केवळ 'कु.' असे संक्षिप्त रूप असते. शेजारच्या ओळी, त्या गावच्या इतर नोंदी, लेखकाची सवय आणि सालाचा शब्द, या सर्वांच्या आधारानेच त्या ठिकाणचा अर्थ ठरतो. नोंद ज्यांच्या पणजोबांची आहे ते कुटुंब मात्र तहसील कचेरीच्या बाकावर बसून त्या एका शब्दाचे वाचन होण्याची वाट पाहत असते.

साधने अपुरी नाहीत. मोल्सवर्थचा कोश, १८३१ चा आणि सुधारून वाढवलेला १८५७ चा, माधव ज्यूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश, दाते-कर्वे यांचा १९३२ पासून सात भागांत आलेला महाराष्ट्र शब्दकोश, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश. यांपैकी बहुतेक ग्रंथ जुन्या महाविद्यालयांच्या संदर्भ विभागात असतात. गावोगावचे वृद्ध मोडी वाचक त्या मानाने थोडे उरले आहेत, आणि कोशात नसलेला गावचा अर्थ बहुधा त्यांच्याच जवळ असतो.